मोठं चाक, पण किती मोठं?

"काका, बाबांच्या अ‍ॅक्सेंटला पंधरा इंची मॅगव्हील टाकली तर चालतील का?"

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने हे विचारलं तेव्हा तो पार्किंगमध्ये उकिडवा बसून पुढच्या चाकाकडे बघत होता. गाडी ह्युंदाईची, २००६ ची. वडिलांनी जपून वापरलेली, इंजिन अजून मऊ चालणारं. पण तेरा इंची लोखंडी डिस्क आणि तिच्यावरची प्लास्टिकची व्हीलकॅप आजच्या गाड्यांशेजारी फारच बारीक दिसते, हे त्याचं म्हणणं मला पटलं. भारतात १९९९ ते २०१३ या काळात विकली गेलेली ही गाडी आजही रस्त्यावर भरपूर दिसते. जुनी होंडा सिटी, एस्टीम, आयकॉन वापरणारेही हाच प्रश्न विचारतात. म्हणून या प्रकरणात अ‍ॅक्सेंटचंच उदाहरण धरून पुढे जाऊ. आकडे तुमच्या गाडीचे घातलेत की हिशोब तोच राहतो.

"चालतील का" या दोन शब्दांत चार वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. चाकाची एकूण उंची तीच राहते का? ते हबवर नीट बसतं का? गाडीचं वजन पेलतं का? आणि आपल्या रस्त्यांवर टिकतं का? दुकानात सहसा पाचव्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं : दिसतं कसं. ते तर आपल्यालाही दिसतंच. बाकीचे चार एकेक करून बघू.

१. टायरच्या अंगावर लिहिलेलं वाचता येणं

गाडीजवळ जा आणि टायरची बाजू वाचा. आपल्या अ‍ॅक्सेंटवर १७५/७० आर १३ असं काहीतरी लिहिलेलं असेल, आणि त्यापुढे ८२ आणि एखादं अक्षर.

१७५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० हे मिलिमीटर नाहीत, ते टक्के आहेत : टायरच्या भिंतीची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची उंची रुंदीच्या ७० टक्के. म्हणजे १७५ च्या ७० टक्के, शंभर आणि वर साडेबावीस, १२२.५ मिमी. शेवटचे १३ हे रिमचे इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही आले, त्यामुळे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो.

मधल्या 'आर'चा अर्थ रिम किंवा रेडियस आहे असं पुष्कळ जण समजतात. तो 'रेडियल'चा आर आहे. टायरच्या आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, सायकलच्या आऱ्यांसारखे गेलेले असतात, म्हणून रेडियल. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि आज आपल्या सगळ्या मोटारी तिच्यावरच चालतात.

आता एकूण व्यास काढू. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. तेरा इंची रिम म्हणजे ३३०.२ मिमी. तिच्या वर एक भिंत आणि खाली एक भिंत, म्हणजे दोनदा १२२.५, एकूण २४५. बेरीज ५७५.२ मिमी. ही संख्या कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पुढची सगळी खरेदी या एका संख्येभोवती फिरते.

२. बाहेरचा घेर हलवू नका

'मोठं चाक' हा शब्द इथे फसवतो. आपल्याला रिम मोठी करायची असते, चाक नव्हे. नदीच्या पुलाची उंची ठरलेली असेल आणि खांब उंच करायचे असतील, तर वरचा स्लॅब पातळ करावा लागतो. तसंच रिम एक इंचाने वाढवली की टायरची भिंत तेवढी बुटकी करायची, म्हणजे बाहेरचा व्यास जिथल्या तिथे राहतो.

अ‍ॅक्सेंटसाठी करून बघू. चौदा इंची रिमवर १८५/६० आर १४ घेतला, तर भिंत १८५ च्या ६० टक्के म्हणजे १११ मिमी. ३५५.६ अधिक २२२, एकूण ५७७.६. मूळ व्यासापेक्षा अर्धा टक्काही फरक नाही. पंधरा इंचीवर १९५/५० आर १५ घेतला, तर भिंत ९७.५ मिमी, एकूण ५७६. हा तर जवळजवळ तंतोतंत जुळला. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्ही आकार बाजारात मिळतात.

आता चुकीचं उत्तर बघा, कारण ते जास्त वेळा दिलं जातं. दुकानात १८५/६५ आर १४ सहज उपलब्ध असतो, बऱ्याच नव्या गाड्यांना तोच लागतो. "साठ काय नि पासष्ट काय, टाकून बघू," असं म्हटलं जातं. त्याचा व्यास ५९६.१ येतो, म्हणजे ३.६ टक्के जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, अंतर मोजत नाही. मूळ चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ५५३ फेरे मारतं, हे नवं चाक ५३४ च मारेल. त्यामुळे काटा ८० दाखवत असताना गाडी सुमारे ८३ ने जात असेल, आणि मीटरवर दहा हजार किलोमीटर झाले म्हणजे खरे दहा हजार तीनशे साठ झालेले असतील. सर्व्हिसिंग तेवढं मागे पडतं. शिवाय प्रत्येक गिअर थोडा 'लांब' होतो. सपाटीवर ते कळत नाही, पण पाच माणसं आणि सामान घेऊन वरंध घाट चढताना जिथे तिसऱ्या गिअरवर गाडी निघायची तिथे दुसरा टाकावा लागतो.

व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत राहिला तर निर्धास्त राहा. तीनच्या पुढे गेलात की थांबा. कमी होण्यातही तोटा आहेच : गाडी खाली येते, आणि अ‍ॅक्सेंटसारख्या आधीच बसक्या गाडीचं पोट सोसायटीच्या स्पीडब्रेकरला घासू लागतं.

३. चार नट, शंभर मिलिमीटर आणि मधलं भोक

व्यास जुळला म्हणजे चाक गाडीवर बसेलच असं नाही. चाक हबवर बसतं ते तीन गोष्टींच्या जोरावर, आणि त्यांतली पहिलीच बहुतेकांना माहीत असते.

ती म्हणजे पीसीडी. नटांच्या मध्यांतून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास. अ‍ॅक्सेंटला चार नट आहेत आणि वर्तुळ १०० मिमीचं, म्हणून ते ४ × १०० असं लिहितात. होंडा सिटीचंही तेच. फोर्ड आयकॉनचं मात्र ४ × १०८ आणि फियाटच्या पालिओ, सिएनाचं ४ × ९८. अठ्ठ्याण्णव आणि शंभर यांत दोनच मिलिमीटरचा फरक आहे. जोर लावून नट आवळले की फियाटची रिम चढल्यासारखी वाटते, पण प्रत्येक बोल्ट किंचित वाकडा ताणलेला राहतो. असं चाक चढवू देऊ नका, चढवणारा कितीही अनुभवी असो.

दुसरी गोष्ट मधलं भोक, दुकानात ज्याला सेंटर बोअर म्हणतात. हबचा मधला गोल उंचवटा या भोकात बसतो आणि चाक मधोमध धरतो. अ‍ॅक्सेंटचा हा उंचवटा ५४.१ मिमीचा आहे, सिटीचा ५६.१ चा. आता एक अगदी घडणारी गोष्ट घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत तुम्हाला सिटीची वापरलेली पंधरा इंची अलॉय, म्हणजे मॅगव्हीलच, छान भावात मिळाली. चार नट, शंभरचं वर्तुळ, सगळं जुळतंय. अ‍ॅक्सेंटवर ती चढतील, पण भोक दोन मिलिमीटरने ढिलं असेल. लहान पातेल्यावर मोठं झाकण ठेवलं की ते थोडं इकडेतिकडे सरकतं, तसं चाक मध्यापासून केसभर सरकून आवळलं जातं. मग ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतात, जे मशीनवर दर वेळी बरोबरच निघतं, कारण मशीन चाकाला मधोमध धरतं. उपाय स्वस्त आहे : भोकात बसणारी प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनिअमची कडी मिळते, बाहेरून ५६.१ आणि आतून ५४.१ मिमीची. अनेक गाड्यांना चालावीत म्हणून बनवलेल्या सुट्या अलॉयचं भोक तर ७३.१ मिमीइतकं मोठं असतं, त्यांना ही कडी हवीच. उलट दिशेने मात्र उपाय नाही. अ‍ॅक्सेंटची रिम सिटीच्या हबवर चढणारच नाही.

तिसरी गोष्ट कोणीच विचारत नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. नटाचं बूड. नट रिममध्ये जिथे टेकतो ती जागा आणि नटाचा आकार एकमेकांत घट्ट बसले पाहिजेत, जशी उखळात मुसळाच्या टोकाची वसवी बसते. ह्युंदाईचे नट शंकूसारखे निमुळते असतात. होंडाच्या मूळ रिमांना गोलसर, चेंडूच्या आकाराचं बूड लागतं. आटे दोघांचे सारखेच, बारा मिमी जाडीचे आणि दीड मिमी अंतराचे, त्यामुळे अ‍ॅक्सेंटचा नट सिटीच्या रिममध्ये खुशाल फिरतो, आवळलाही जातो. पण तो टेकतो एका बारीक रेघेवर. काही शे किलोमीटरनंतर तो सैल पडू शकतो. सिटीची रिम घेतलीत तर गोल बुडाचे, बारा बाय दीडचे सोळा नट सोबत घ्या. सुटी मिळणारी बहुतेक अलॉय शंकूच्या नटांची असतात, पण 'बहुतेक'वर विसंबू नका. एक नट बोटाने रिमच्या खाचेत बसवून हलवून बघा. डुगडुगला तर तो चुकीचा.

४. आत किती, बाहेर किती

ऑफसेट हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. रिम उभी मधोमध कापली अशी कल्पना करा. हबला टेकणारी तिची पाठ या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला तो 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेला असतो, ही अक्षरं एका लांबलचक जर्मन शब्दाची आहेत. ईटीचा आकडा मोठा असला की चाक गाडीच्या आत जास्त शिरतं, लहान असला की बाहेर जास्त येतं. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

समजा जुन्या रिमचा ईटी ४६ आहे आणि नवीचा ३८. म्हणजे नवं चाक आठ मिमी बाहेर सरकलं. त्याच वेळी टायर १७५ वरून १९५ झाला, वीस मिमी वाढला, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. आता बाहेरच्या बाजूला दहा अधिक आठ, अठरा मिमी. आतल्या बाजूला दहा वजा आठ, फक्त दोन मिमी. पुढचा टायर मडगार्डच्या कडेला घासेल की नाही, याचं उत्तर त्या अठरा मिलिमीटरमध्ये आहे. एकटं असताना घासणार नाही. मागे तिघं बसून पूर्ण वळण घेताना, चाक उसळलं की घासेल.

मोजायची घरगुती रीत सांगतो. मूळ चाकासह मागच्या सीटवर माणसं बसवा. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि आत स्प्रिंगच्या बाजूला टायरच्या वरच्या भागासमोर कणकेचे गोळे चिकटवा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, हळूच एका स्पीडब्रेकरवरून जा, परत या. गोळा जिथे दबला तिथे किती जागा उरली ते पट्टीने मोजा. बाहेरच्या जागेतून अठरा आणि आतल्या जागेतून दोन वजा करा. उरलेलं दहाच्या आत असेल तर ती रिम घेऊ नका. मडगार्डची कड हातोडीने आत वळवून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. अ‍ॅक्सेंटच्या वयाच्या गाडीचा रंग तिथे तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच फटीतून गंज चढतो.

चाक फार बाहेर काढण्यात आणखी एक अडचण आहे. चाक जितकं बाहेर, तितका व्हील बेअरिंगवर पिळा जास्त, आणि खड्ड्यात पडल्यावर स्टिअरिंग हाताला हिसका तितका जास्त देतं. पहार मधोमध धरून उचलणं आणि टोकाला धरून उचलणं, इतका तो फरक आहे.

रिमच्या रुंदीचंही एक वाक्य. ती इंचात असते आणि तिच्यापुढे 'जे' लिहिलेलं असतं. १८५/६० आर १४ ला ५ ते साडेसहा इंच रुंद रिम चालते, १९५/५० आर १५ ला साडेपाच ते ७. या मर्यादेबाहेर टायर एकतर ताणला जातो किंवा चिमटला जातो. दोन्ही वाईट.

५. वजन रबर पेलत नाही, हवा पेलते

जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. खडीच्या रस्त्यावर तिच्यात बसलेल्याला प्रत्येक दगड मोजता येई. टायरगाडी आली आणि तोच रस्ता, तेच बैल, तेच ओझं असून बसणाऱ्याची पाठ सुटली. मधे काय आलं? हवा. बेलफास्टमध्ये राहणारे जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तेव्हा त्यांनी नेमकं हेच साधलं होतं.

रिम मोठी करताना आपण ही हवा कमी करत असतो. तेरा इंचीवरची १२२.५ मिमीची भिंत चौदा इंचीवर १११ होते, पंधरावर ९७.५, आणि १९५/४५ आर १६ घेतला तर ८८ च्या आत येते. मूळच्या पाऊण पटीहूनही कमी. मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण बाहेरून मोठ्या चाकासाठी. आपण बाहेरचा घेर तोच ठेवला, म्हणजे खड्डा तेवढाच खोल आहे आणि मधली गादी मात्र पातळ झाली. खड्ड्याची धारदार कड आणि रिम यांच्यामध्ये टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फक्त बदलता येतो.

म्हणून टायरवरचा शेवटचा आकडा, आपल्या उदाहरणातला ८२, तो वाचायला शिका. हा भारांक. ८२ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ४७५ किलो, ८० म्हणजे ४५०, ८४ म्हणजे ५००. अ‍ॅक्सेंट रिकामी साधारण हजार किलोची आहे, त्यामुळे चार टायर मिळून १९०० किलोची क्षमता भरपूर वाटते. पण ब्रेक दाबला की वजन पुढच्या दोन चाकांवर येतं, खड्ड्यात क्षणभर एकाच चाकावर. ती वरची शिल्लक त्या क्षणासाठी असते. नियम सरळ आहे : नव्या टायरचा भारांक मूळच्यापेक्षा कमी नको. १८५/६० आर १४ आणि १९५/५० आर १५ हे दोन्ही ८२ मध्येच मिळतात, त्यामुळे हवाही साधारण जुन्याच दाबाने भरता येते. सोळा इंचीला ८२ गाठायचे तर 'एक्सएल' म्हणजे जास्त मजबूत बांधणीचा टायर लागतो, आणि तो आपलं पूर्ण वजन पेलतो ते जास्त हवेवर. जास्त हवा म्हणजे आणखी कडक बसणी. एक जिना चढलं की पुढचा आपोआप समोर येतो, असं हे प्रकरण आहे.

भारांकापुढचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, एच २१०. आपल्याला एवढ्या वेगाने जायचं नसतं, पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो तेही सांगतं, आणि मे महिन्यात दुपारी सोलापूर रस्त्यावर उष्णता असतेच. मूळच्यापेक्षा खालचं अक्षर घेऊ नका.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. हवेचा दाब तोच असेल तर रुंद टायरचा रस्त्याला टेकलेला भाग फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो : लांबट होता तो आडवा होतो. कोरड्या वळणावर याचा फायदा होतो, गाडी ठाम वाटते. पण साचलेल्या पाण्यात आडवं तोंड पाणी कापण्याऐवजी त्याच्यावर चढतं. जुलैत मुंबई-गोवा रस्त्यावर ज्यांचं जाणं-येणं असतं त्यांनी १९५ च्या मोहात पडू नये असं मला वाटतं. १८५ पुरेसा आहे, आणि त्याच्या खोबणी खोल असाव्यात. खोबणीच्या तळाशी १.६ मिमी उंचीचे उंचवटे दिलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर कायद्यानेही संपला. पावसाळ्यासाठी तो त्याच्या बराच आधी संपलेला असतो.

६. पायाला चिकटलेला चिखल

भाताच्या खाचरातून चालताना चपलेला चिखल चिकटतो. अर्धा किलोच असेल, पण पाय उचलवत नाही. तोच अर्धा किलो पाठीवरच्या पिशवीत असता तर कळलाही नसता. चाकाचं वजन हे गाडीच्या पायाला चिकटलेलं वजन आहे. शॉकॲब्सॉर्बरच्या खाली असल्यामुळे खड्ड्यातून चाक वर फेकलं गेलं की त्याला परत रस्त्यावर आणायचं काम स्प्रिंगला करावं लागतं, आणि ते जितकं जड तितका उशीर. शिवाय हे वजन फिरतं. रिमच्या अगदी कडेवरचा एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोसारखा भासतो : एकदा त्याला पुढे न्यायचं आणि एकदा गरगर फिरवायचं. ब्रेक दाबतानाही हाच हिशोब उलटा लागतो.

अलॉय म्हणजे हलकं, असं आपण धरून चालतो. नेहमी तसं नसतं. ओतीव अ‍ॅल्युमिनिअमची मोठी आणि नक्षीदार रिम लहान लोखंडी डिस्कपेक्षा सहज जड भरू शकते. म्हणून माझा आग्रह आहे की चाक तोलून घ्या. जुनं टायरसकट चाक एकदा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा, नवं दुकानात ठेवायला सांगा. नवं चाक प्रत्येकी दोन-तीन किलोने जड निघालं तर त्याच मापाची दुसरी रिम शोधा.

लोखंड आणि अलॉय यांच्यात एक स्वभावाचा फरकही आहे. लोखंडी डिस्क वाकते, आणि गावातला पंक्चरवाला ती ठोकून परत गोल करतो. ओतीव अलॉयला तडा जातो. वापरलेली अलॉय घेताना पुढची चकचकीत बाजू नंतर बघा. आधी उलटी करून आतला ड्रम उजेडात फिरवा. वेल्डिंगची रेघ, घासून गुळगुळीत केलेला पट्टा किंवा एकाच जागी जाड रंग दिसला तर ती रिम ठेवून द्या. मग बॅलन्सिंगच्या मशीनवर टायरविना फिरवून बघा, कड वरखाली नाचते का ते. आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल असं कोरलेलं असेल तर ती रिम हलक्या धातूच्या चाकांसाठीच्या जपानी मानकानुसार केलेली आहे असा त्याचा दावा असतो.

टायर मात्र वापरलेले घेऊ नका. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर, मग त्याच्या खोबणी नव्यासारख्या का असेनात, मी घरच्या गाडीला लावणार नाही. सिटीच्या त्या वापरलेल्या अलॉयवर टायर चढवलेलेच असतात आणि दुकानदार ते भावात धरतो. २००८ नंतरच्या सिटीचं मूळ माप १७५/६५ आर १५ आहे. पाकिटातला कागद काढा : त्याचा व्यास ६०८.५ येतो, अ‍ॅक्सेंटपेक्षा जवळजवळ सहा टक्के जास्त. रिम घ्या, टायर त्यालाच ठेवू द्या.

७. आधी गाडीची तब्येत

सोसायटीतल्या त्या तरुणाला मी हे सगळं सांगितलं आणि मग आम्ही गाडी जॅकवर चढवली. पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं तर किंचित खडखड आली. बॉल जॉइंट झिजला होता. लोअर आर्मच्या बुशांना भेगा होत्या. मागचे शॉकॲब्सॉर्बर तेल गळून ओले झालेले. अशा गाडीला कमी रबराचं चाक लावलं असतं तर पहिल्याच महिन्यात "मॅगव्हीलने गाडी बिघडवली" असं झालं असतं, आणि टायरची आतली कड मात्र झिजून गेली असती.

त्याने आधी हे काम करून घेतलं. मग जुन्याच तेरा इंची डिस्कवर चार नवे टायर घालून दोन महिने गाडी चालवली. गाडी इतकी सुधारली की त्याच्या मनातले पंधरा चौदावर आले. त्याने चौदा इंची, साडेपाच इंच रुंद रिम घेतल्या, ज्यांचा ईटी मूळच्या अगदी जवळ होता, आणि ते तेरा इंची टायर एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याला देऊन १८५/६० आर १४ चढवले. चांगल्या रस्त्यांच्या शहरात राहणाऱ्याला पंधरा इंचीही चालेल, मी त्याला विरोध करणार नाही. सोळा इंची या गाडीला नको, असं मात्र स्पष्ट सांगेन.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या गोष्टींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला जे माप दिलं असेल ते शोधून त्याच्या जवळ राहणं सगळ्यांत सोयीचं. चाकं मडगार्डच्या बाहेर येऊ देऊ नका, आणि बदल केल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हा विषय पहिल्यांदा निघू नये.

चाकं चढवायच्या दिवशी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, नाहीतर रिम सपाट टेकत नाही. नट गाडी जॅकवर असतानाच हाताने, समोरासमोरच्या जोड्यांनी बसवा आणि खाली उतरवल्यावर टॉर्क पान्ह्याने आवळा. या गाडीला साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर लागतात. हवेच्या गनने धडाधड आवळले तर पंक्चर झाल्यावर रस्त्यात एकट्याने ते सुटत नाहीत. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळून घ्या, कारण नव्या अलॉयमध्ये नटांची बुडं थोडी बसतात.

आणि स्टेपनी. डिकीत अजून जुनी तेरा इंची लोखंडी डिस्कच आहे. व्यास जुळवून घेतल्यामुळे ती हळू वेगात पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेईल. पण अलॉयसाठी वेगळे नट घेतले असतील, तर ते लोखंडी डिस्कमध्ये बसतीलच असं नाही. म्हणून मूळचे चार नट एका जाड पिशवीत घालून, तोंड बांधून, स्टेपनीच्या मधल्या खोलगट भागात ठेवा. आमच्या तरुणाने ती पिशवी त्याच्या आईच्या जुन्या खणाच्या कापडाची शिवली आहे.